गोळीच तर आहे, घ्या बिनधास्त

तीन महिन्यांत दंड फुगवायचे आहेत ना? मग झोप, जेवण, घाम आणि दोन-तीन वर्षांचा धीर असल्या जुनाट गोष्टींच्या नादी लागू नका. थेट जिममधल्या कोचला गाठा आणि ॲनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे स्नायू फुगवणारी हार्मोनं, मागा. त्यांचं शरीरशास्त्र आरशासमोर शिकून झालेलं असतं आणि डोस सांगताना ते डॉक्टरांसारखे अडखळत नाहीत.

सुईची भीती वाटते? उत्तम. गोळी निवडा. "इंजेक्शन नको रे, गोळीने काही होत नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेलच. आता यातली गंमत ऐका. साधं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तोंडाने घेतलं तर ते आतड्यातून आधी यकृतात जातं आणि यकृत पहिल्याच फेरीत त्याचा निकाल लावतं. मग रसायनतज्ज्ञांनी रेणूतल्या सतराव्या कार्बनला एक जादा गट चिकटवला, म्हणजे यकृताला तो सहजासहजी मोडताच येऊ नये. डायनाबॉल, विनस्ट्रॉल, ॲनाड्रॉल, ॲनाव्हार, सगळी याच घराण्यातली. जे यकृताला पचू नये म्हणूनच बनवलंय, तेच त्याला रोज सकाळ-संध्याकाळ खाऊ घालायचं! पित्ताचा प्रवाह तुंबतो, कावीळ होते. कुणाच्या यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या होतात, कुणाच्या गाठी. पोकळी किंवा गाठ फुटली की पोटात रक्तस्राव. इंजेक्शनवाल्यांनी हसू नये. हृदय आणि वृषणं त्यांचीही त्याच रांगेत उभी आहेत.

यकृताची काळजी वाटलीच तर ज्याने गोळी विकली त्याच्याकडूनच 'लिव्हर सपोर्ट'ची बाटली घ्या. दुकान एकच, गल्ला एकच.

रक्त तपासू नका. चुकून तपासलंत आणि यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी वाढलेलं निघालं, तर "हेवी लेग डे होता" म्हणा. जड व्यायामाने ते खरोखरच वाढतं, त्यामुळे थाप खपते. फक्त त्याच तपासणीतल्या जीजीटी आणि बिलिरुबिनच्या रकान्यांकडे बघू नका. ते स्नायूंमुळे वाढत नाहीत.

कोलेस्टेरॉलचं तर नावच काढू नका. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन उचलणाऱ्या पुरुषांना सहा आठवडे रोज अवघं ६ मिलिग्रॅम स्टॅनोझोलॉल (म्हणजे वरचंच विनस्ट्रॉल) दिलं, तर चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल सरासरी ३३ टक्क्यांनी उतरलं. जिममध्ये ६ मिलिग्रॅम म्हणजे चेष्टा. वर रक्त दाट होतं, हृदयाची भिंत जाड होते. पण ती आरशात दिसत नाही, मग तिचं काय एवढं!

सोळाव्या वर्षीच सुरुवात करा, हाडांची टोकं लवकर बंद होतात आणि उंचीचा प्रश्न कायमचा मिटतो.

मुलींनीही संकोच करू नये. घोगरा झालेला आवाज गोळी थांबवल्यावरही बहुधा तसाच राहतो. इतकी टिकाऊ वस्तू बाजारात दुसरी मिळायची नाही.

आणि मर्दानगी! सगळा खटाटोप तिच्यासाठीच ना? बाहेरून हार्मोन येतंय म्हटल्यावर मेंदू आतला कारखाना बंद करतो. वृषणं आक्रसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. काही गोळ्यांनी छातीत गाठ धरते. ती जुनी झाली की शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. सायकल, म्हणजे गोळ्यांचा एक कोर्स, संपल्यावर अंगात त्राण नाही, इच्छा नाही, मन काळवंडलेलं. त्यावर उपाय काय? पुढची सायकल. कोच तयारच आहेत.

गेल्या आठवड्यात याच कोचमहाशयांना एक पोरगा सांगत होता, सगळ्या अंगाला खाज सुटलीय, लघवी चहासारखी होतेय. वय असेल एकोणीस-वीस. कोच म्हणाले, "टॉक्सिन्स बाहेर पडतायत, पाणी वाढव." मी मध्ये बोललो, तर मला उत्तर: "सर, तुम्ही ट्रेडमिलवाले. यातलं तुम्हाला नाही कळणार."

अहो, काय नाही कळणार? कावीळ कळायला बायसेप लागतात का? पूर्व जर्मनीतल्या कोचांनीही हेच केलं होतं. ओरल-ट्युरिनाबॉल या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या 'जीवनसत्त्वं' म्हणून वयात येणाऱ्या मुलींना चारल्या. त्या योजनेपायी २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथल्या क्रीडासंघटनेच्या माजी प्रमुखाला, मॅनफ्रेड एवाल्डला, दोषी ठरवलं. त्यांच्याकडे निदान औषध कारखान्यातून आलेलं असायचं. तुमच्या डबीत काय आहे ते तुम्हाला तरी माहीत आहे का? चोरट्या मालात लेबलावर एक आणि आत दुसरंच असतं. आणि ते तुम्ही पोरांना देता, त्यावर पैसे कमावता, आणि पोरगा पिवळा पडायला लागला की पाणी पी म्हणता. लाज वाटत नाही?

आणि तू, पोरा. पाणी वाढवून हे जाणार नाही. गोळी आज बंद, आणि डॉक्टरकडे आजच. तिथे गेल्यावर 'मल्टीव्हिटॅमिन घेतो' असं सांगू नकोस. डबी सोबत ने, किती दिवस घेतोयस ते खरं सांग, आणि 'लिव्हर सपोर्ट'ची ती बाटलीही दाखव.