पंधरा हजाराच्या किटशिवाय थंडीत सायकल नको म्हणे

दर नोव्हेंबरला सायकलवाल्यांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. हिवाळ्यात सायकल चालवायची तर थर्मल, विंटर जॅकेट, टाइट्स, शू कव्हर असा बारा-पंधरा हजारांचा सेट पाहिजेच, नाहीतर छातीत कफ होतो, गुडघे जातात, आणि जमत नसेल तर सरळ फेब्रुवारीपर्यंत सायकल बंद ठेवा. यंदा हे वाचून आमच्या ओळखीतल्या दोघा नवीन पोरांनी खरंच सायकल बंद केली, म्हणून लिहितोय.

पहिलं जॅकेटचं. पुण्यात पहाटे 9-10 डिग्री, निफाडकडे त्याहून कमी. 10 डिग्रीत 25 च्या स्पीडने गेलं की अंगाला साधारण 7 सारखं लागतं, म्हणजे आपल्याला छळतो तो वारा, आणि वारा अडवायला जाड जॅकेट कशाला, गाडीवर घालतो ते जुनं पातळ विंडचीटर पुरतं. पॅडल मारताना आपली निम्म्याहून कितीतरी जास्त ताकद उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यामुळे जाड जॅकेट घालून बोपदेव घाट चढलात तर वर पोचेपर्यंत आतून चिंब, आणि मग उतरताना तोच घाम गार पडतो आणि खरी हुडहुडी तेव्हा भरते. घरातून निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे, नाही वाजली तर समजा जास्त घातलंय.

आत काय घालायचं? सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं. मॅरेथॉनला फुकट मिळालेले पॉलिस्टरचे टीशर्ट प्रत्येकाच्या कपाटात दोन-तीन पडलेले असतात, तो एक अंगाला लागून. त्यावर पातळ लोकरीचा स्वेटर, लोकर ओली झाली तरी ऊब देते. थंडीत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात तिथे घासाघीस करून घ्या, किंवा आईने विणलेला जुना काढा. पण नुसता स्वेटर घालून निघू नका, विणीतून वारा आरपार जातो, वर विंडचीटर हवंच. आणि घाट उतरायच्या आधी छातीवर आतून वर्तमानपत्राचा कागद सरकवा, युरोपातले रेसवालेसुद्धा डोंगर उतरताना हेच करत आलेत.

हात मात्र गार पडतात, हे त्या मेसेजमधलं मला पटलं. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही, इथे टाळाटाळ नको. पण त्यालाही हार्डवेअरच्या दुकानातले रबर लावलेले कामाचे हातमोजे चालतात, आत पातळ लोकरीचे घालायचे. पायांना शू कव्हरऐवजी मोज्यावर प्लास्टिकची पिशवी. कानटोपी हेल्मेटखाली जाड होते, हेल्मेट नीट बसत नाही, त्यापेक्षा कानावरून पातळ रुमाल बांधा.

छातीत कफ, तर सर्दी व्हायरसने होते, वाऱ्याने नाही. फक्त दमा असेल त्याला गार कोरडी हवा खरंच त्रास देते, त्याने नाकातोंडावर मफलर घ्यावा आणि डॉक्टरला विचारावं. गुडघ्यांना जुनी ट्रॅकपँट बस्स, चेनच्या बाजूला रबरबँड लावा, आणि पहिले चार-पाच किलोमीटर हलका गिअर.

आणखी एक, पहाटे गार हवा खाली सखल भागात साचते, म्हणून नदीकाठ, खडकवासल्याकडचा रस्ता हे चढापेक्षा जास्त गार लागतात. शक्य असेल तर अर्धा तास उशिरा निघा, याला तर पैसेच लागत नाहीत.

माझा सगळा खर्च चारशेच्या आत झाला, हातमोजे आणि स्वेटर, बाकी घरातलंच. पैसे घालायचेच असतील तर मागच्या लाल लाइटवर घाला, डिसेंबरच्या धुक्यात मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसायला पाहिजे. आणि पहाटे पाचला सायकलवर पेपर टाकणारी पोरं बघा कधीतरी, साधा स्वेटर आणि डोक्याला मफलर, रोज, अख्खा हिवाळा. त्या दोघांना मी रविवारी सव्वासातला बोलवलंय, विंडचीटर घेऊन या म्हटलंय.