जपानी सून, जर्मन पत्नी आणि ‘आपली रीत’: एका व्हॉट्सॲप मजकुराला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीला तिच्या चुलत सासूबाईंनी व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मजकूर पाठवला. भाची बडोद्याजवळच्या एका औषध कारखान्यात काम करते आणि बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच पुन्हा रुजू झाली आहे. मजकुरात चार दावे आहेत: बाहेर काम करणे ही पाश्चात्य स्त्रीची मुळापासूनची संस्कृती आहे, जपानी स्त्री लग्नानंतर नोकरी सोडते म्हणून तेथील घरे टिकली, आपल्याकडे पुरुष बाहेर राबतो व स्त्री घरात, म्हणजे वाटणी समानच आहे, आणि स्वीडनमधील बाप मुले सांभाळतात, कारण तेथील पुरुष स्वभावानेच मवाळ आहेत. शेवटी ‘आपल्या मराठी घराण्यांची रीत सोडू नका’ अशी विनवणी आहे. हाच मजकूर मी यापूर्वी दोनदा वाचून सोडून दिला होता. परंतु रात्री भाचीने फोन करून ‘मावशी, माझं चुकतंय का गं?’ असे विचारले, तेव्हा मात्र गप्प राहणे मला शक्य झाले नाही.

पाश्चात्य स्त्रीविषयीचा दावा तर एका कायद्यानेच खोटा ठरतो. विवाह आणि कुटुंब यांतील कर्तव्यांना बाध येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी, असे पश्चिम जर्मनीचा कायदा १९७७ च्या मध्यापर्यंत सांगत होता. त्याच काळात पूर्व जर्मनीत मात्र बहुतेक आया नोकरी करत होत्या आणि मुलांसाठी पाळणाघरांची सोय सरकारनेच केली होती. भाषा एक, सणवार एक, आजी-आजोबा एकाच गावचे. तरीही चाळीस वर्षांत आईकडून असलेल्या अपेक्षा दोन बाजूंना दोन तऱ्हेच्या झाल्या. ही संस्कृती मुळापासूनची असती, तर असे झाले नसते.

जपानचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण भाचीच्या मनाला लागला तो तोच. त्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते: पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सोडण्याचे प्रमाण जपानमध्ये दीर्घकाळ फार मोठे होते. परंतु ही तेथील प्राचीन परंपरा नव्हे. ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ हे ब्रीद मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडवले गेले आणि मुलींच्या शाळांतून शिकवले गेले. आणि त्याच काळात जपानच्या निर्यातीचा मोठा भाग असलेले रेशीम ज्या गिरण्यांत निघत होते, त्यांत बहुसंख्य कामगार तरुण मुलीच होत्या. नंतरच्या काळात पत्नीची कमाई ठरावीक रकमेच्या आत राहिली तर पतीला करात सवलत, अशी रचना आली. तिनेही बायकांना अर्धवेळ कामात अडकवून ठेवले. आज चित्र बदलले आहे. २०१५ ते २०१९ या काळात पहिले मूल झालेल्या नोकरदार स्त्रियांपैकी जवळपास सत्तर टक्के कामावर टिकून राहिल्या. आणि ‘घरे टिकली’ म्हणावे, तर २०२२ साली तेथे सुमारे ५ लाख विवाह झाले आणि सुमारे १ लाख ७९ हजार घटस्फोट. हे आकडे पाहिल्यावर त्या देशाचा दाखला देऊन एका बाळंतिणीला घरी बसायला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते.

समान वाटणीच्या दाव्यासाठी आपल्याच सरकारचे २०१९ चे वेळ-वापर सर्वेक्षण पुरेसे आहे. रोजगार करणारे पुरुष त्यासाठी दिवसाला सरासरी ४५९ मिनिटे देतात आणि स्त्रिया ३३३, म्हणजे बाहेरचे काम पुरुषांचे अधिक, इतके खरे. परंतु बिनपगारी घरकाम करणाऱ्यांत स्त्रियांची सरासरी २९९ मिनिटे होती आणि पुरुषांची ९७. शिवाय त्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होते अवघे २६.१ टक्के. म्हणजे चारांतले जवळपास तीन पुरुष या हिशेबात येतच नाहीत. २०२४ च्या सर्वेक्षणात हीच सरासरी २८९ आणि ८८ मिनिटे आली. माझ्या भाचीसारखी स्त्री बाहेरचे आणि घरचे अशी दोन्ही कामे करते, तिचा तर त्या मजकुरात उल्लेखही नाही.

स्वीडनविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तेथे १९७४ पासून पालकत्वाची रजा आई आणि बाप दोघांनाही मिळते, आणि आता प्रत्येकाचे ९० दिवस राखीव आहेत. बापाने ते घेतले नाहीत तर वाया जातात. पुरुषांच्या मवाळ स्वभावापेक्षा या नियमाने बापांना घरी आणले.

राहिली ‘आपल्या मराठी घराण्यांची रीत’. बडोद्यात राहून हे लिहिणाऱ्यांनी निदान बडोद्याचा इतिहास तरी पाहायला हवा होता. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले, त्यात मुलीही होत्या. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली लंडनहून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात देशोदेशींच्या स्त्रियांची कामे पाहून भारतीय स्त्रियांना कोणकोणते व्यवसाय करता येतील याचाच विचार केला होता, आणि १९२७ साली पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्याच अध्यक्षा होत्या. हीसुद्धा मराठी घराण्याचीच रीत आहे, आणि ती याच शहरातली आहे.

हे उत्तर मी भाचीला पाठवले आहे आणि तिच्या चुलत सासूबाईंनाही. मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर जपानचा परिच्छेद तरी त्यातून काढून टाकावा, अशी विनंती मी त्यांना केली आहे.