भरती बंद असताना खूश कसं राहायचं

भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनो, सरकारवर उगाच चिडू नका. तिजोरीत खडखडाट झाला की कात्री तुमच्यावरच चालणार ना, तुमची ना युनियन ना काही, संपावर गेलात तर बंद काय करणार, अभ्यास?

४ मे २०२० चा जीआर आठवतोय? लॉकडाऊनमध्ये बाजार झोपलेला, खासगीवाले माणसं काढतायत, कुणाच्याच खिशात पैसा नाही, म्हणजे निदान सरकारने तरी हात सैल सोडायची वेळ, तर वित्त विभागाने ठरवलं की खात्यांना बजेटमधल्या विकासनिधीतले ३३ टक्केच मिळणार, नवीन कामं बंद, आरोग्य नि वैद्यकीय शिक्षण सोडून नवीन भरती बंद, झेरॉक्स मशीनसुद्धा घ्यायचं नाही. आणि जुलैत मंत्री-अधिकाऱ्यांच्या सहा गाड्यांना १ कोटी ३७ लाख मंजूर! आता गाडी घेणं म्हणजे काय भरती नव्हे, त्यामुळे ओरडू नका.

तुम्ही काय करायचं, तर खोली सोडून गावाला जायचं. आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला दोघी यायच्या, पोरं गेली, डबे पन्नासचे बारा झाले, मालक एकीला म्हणाला "मावशी, लागलं तर फोन करतो". तो फोन अजून यायचाय. मावशी काय सरकारी नोकर नव्हत्या, पण जीआर त्यांनाही बरोब्बर लागू झाला. मावशींनी किराणा कमी केला, वाण्याने माल कमी उचलला, सरकारचा टॅक्स घटला, की झालं, परत काटकसर करायला कारण तयार! याला अर्थव्यवस्था सावरणं म्हणतात, शंका काढायच्या नाहीत.

पुढे सरकारं बदलली, तुमची सेवा मात्र चालूच ठेवा. २०२३ च्या तलाठी भरतीला ४,६४४ जागा, अर्ज दहा लाखांवर, फी ओपनला १००० आणि राखीवला ९००. नोकरी लागायच्या आधीच तिजोरीला हातभार, असे कर्मचारी जगात कुठे मिळतात? त्याच वर्षी सप्टेंबरात नऊ एजन्स्यांकडून कंत्राटी माणसं घ्यायचा जीआर निघाला, बोंबाबोंब झाल्यावर ऑक्टोबरात रद्द. तशी कंत्राटी नोकरी मिळालीच तर घ्या, फक्त स्थळ बघायला गेल्यावर "कंत्राटी" हा शब्द जरा खोकत म्हणा.

आणि वडिलांनी फोनवर विचारलं की जाहिरात कधी, तर सांगा, वित्त विभागाची मंजुरी बाकी आहे. मंजुरी म्हटलं की त्यांना वाटतं काम झालंच, तेव्हा पेढे आणू नका म्हणून आधीच बजावून ठेवा.