दोरी वासुकीची, शेषाची नव्हे

समुद्रमंथनात शेषनागाची दोरी केली, असं लेखात म्हटलंय. ते कृपया दुरुस्त करा. दोरी झाला तो वासुकी. तोंडाकडून असुर, शेपटीकडून देव. शेषाने मंथनाआधी मंदर पर्वत उपटून दिला, बहुधा तिथेच गल्लत होते. दोघेही कद्रूचे मुलगे. थोरला शेष भावांच्या वागण्याला विटून तपाला गेला आणि ब्रह्मदेवाच्या सांगण्यावरून त्याने पृथ्वी तोलली. सर्पसत्रात जळून मराल, या आईच्या शापातून कुळ वाचवायला आपली बहीण जरत्कारू नावाच्या ऋषींना दिली ती वासुकीने; तिचाच मुलगा आस्तीक, त्यानेच ते सत्र थांबवलं. पुण्यातच भांडारकर संस्थेने १९३३ मध्ये काढलेल्या महाभारताच्या आदिपर्वाच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या) आवृत्तीत हे सगळं आहे. नागपंचमीच्या स्तोत्रातही 'अनन्तं वासुकिं शेषं' अशी नावं सुटी आहेत. अर्थात तिथे अनंत आणि शेषही वेगळे धरलेत, महाभारतातल्या या कथांत ते एकच.