आजोबा, आवरा आता!

गुडघे दुखतात म्हणून जिना चढवत नाही, पण लिफ्टमध्ये तरुण मुलगी दिसली की यांचा कणा बरा ताठ होतो! पोट आत, छाती बाहेर, उरलेल्या चार केसांवरून हात. ऐकू कमी येतं म्हणे. बायकोने कितीही हाका मारू देत, ढिम्म. आणि शेजारची मुलगी फोनवर हळूच हसली की लगेच, "काय गं, कुणाचा फोन?" तुम्हाला काय करायचंय हो काका?

बरं, 'काका' म्हटलेलंही चालत नाही. "नावानेच हाक मार गं, मी मनाने पंचविशीतलाच आहे." मन पंचविशीतलं आणि कवळी कालची! मग रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट 'सुप्रभात', रात्री अकराला "झोपलीस का?" तिने फोटो टाकला की पहिला बदाम यांचाच. मोबाईल शिकव म्हणत खेटून बसायचं, आशीर्वादासाठी पाठीवर ठेवलेला हात तिथेच विसरायचा. (गोळ्या घ्यायच्या मात्र बरोबर लक्षात असतात!) आणि तिने फटकारलं की क्षणात म्हातारे: "अगं, तू मला मुलीसारखी!" असं? मग स्वतःच्या मुलीलाही रोज विचारता का, "आज फार गोड दिसतेस, कुणासाठी?"