घंटेतला कोमल गंधार : जोनाथन हार्वे कसा ऐकावा

जोनाथन हार्वे हे नाव आपल्याकडे रात्र रात्र मैफली ऐकणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं, याची मला मनापासून खंत वाटते. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या ब्रिटिश संगीतकारांमध्ये तानपुऱ्यावर तयार झालेल्या कानाला सगळ्यात जवळचा कोणी असेल, तर तो हार्वे. त्याने बौद्ध साधना केली किंवा ऋग्वेद वाचला म्हणून मी हे म्हणत नाही. एका स्वराच्या पोटात किती स्वर दडलेले असतात, हा त्याच्या संगीताचा गाभा आहे.

जन्म १९३९ चा, सटन कोल्डफील्डचा. लहानपणी टेनबरीच्या सेंट मायकेल्स कॉलेजच्या कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) गायला, मग केंब्रिज. संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या सल्ल्यावरून एर्विन स्टाइन आणि हान्स केलर यांच्याकडे शिकला, १९६९-७० मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला संगीतकार मिल्टन बॅबिटच्या सहवासात राहिला. खरं वळण आलं ते फ्रेंच संगीतकार पिएर बूलेझने पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीत-संशोधन संस्थेत बोलावलं तेव्हा. तिथे १९८० मध्ये त्याने ‘मॉर्टुओस प्लांगो, विवोस वोको’ ही जेमतेम नऊ मिनिटांची रचना केली. हार्वे ऐकायचा तर सुरुवात इथूनच करावी.

सामग्री दोनच ध्वनींची. विंचेस्टर कॅथीड्रलची सगळ्यात जड घंटा, जिला टेनर घंटा म्हणतात, आणि तिथल्याच कॉयरमध्ये गाणाऱ्या हार्वेच्या मुलाचा आवाज. घंटेवर लॅटिन ओळ कोरलेली आहे : उडून जाणारे तास मी मोजते, मेलेल्यांसाठी शोक करते, जिवंतांना प्रार्थनेला बोलावते. मुलगा हेच शब्द गातो.

टोल पडल्यावर अर्ध्या सेकंदाने जो नाद उरतो, त्याचं संगणकावर विश्लेषण केलं आणि ३३ उपस्वर, म्हणजे एकाच नादात मिसळलेले घटक स्वर, वेगळे काढले. त्यांतले आठ निवडले. रचनेचे भागही आठच, प्रत्येक भाग एकेका उपस्वराभोवती उभा. म्हणजे स्वरसंगती संगीतकाराने बाहेरून आणलीच नाही, घंटेने दिली.

आता तानपुऱ्याकडे या. खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो तारेचा पाचवा उपस्वर, आणि तो शुद्ध. तारेचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे शिस्तीत चढतात. घंटेत ही शिस्त नाही. जाड ओतीव धातू वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा थरथरतो, त्यामुळे उपस्वर पूर्णांकांच्या पटीत बसत नाहीत. युरोपातल्या चर्चच्या घंटेत षड्जावर (सा वर) ठळक ऐकू येतो तो कोमल गंधार. (त्या घंटा आपल्याला उदास वाटतात त्यात याचा मोठा वाटा असावा, असं माझं मत.) विंचेस्टरच्या घंटेत आणखी एक नवल आहे. तिचा मुख्य स्वर साधारण १३० हर्ट्झचा (सेकंदाला १३० कंपनांचा), पाश्चात्त्य नावाने सी. त्याला सा धरलं तर वर, ३४७ हर्ट्झच्या आसपास, एक मध्यम (म) स्वच्छ ऐकू येतो. पण विश्लेषणातून निघालेल्या उपस्वरांत तो नाहीच! वरचे बरेच उपस्वर एफ, म्हणजे मध्यम, या स्वराच्या उपस्वरांच्या श्रेणीत बसतात आणि त्यांच्या मेळातून आपला कान तो मध्यम घडवतो.

पुढची करामत संश्लेषणाची. ‘म्युझिक फाइव्ह’ या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक उपस्वर स्वतंत्र लहर म्हणून बांधता येत होता, त्याचा जोर आणि लांबी हवी तशी ठेवता येत होती. खऱ्या घंटेत वरचे उपस्वर लवकर विरतात आणि खालचा गुंजारव रेंगाळतो. हार्वेने काही ठिकाणी हे उलटं केलं : खालचं आधी संपतं, वरचं मागे राहतं, आणि घंटा आतून बाहेर उलटल्यासारखी वाटते. एका उपस्वरावरून दुसऱ्यावर तो चक्क मींडेने, न तुटता घसरत, जातो. मुलाच्या आवाजासाठी ‘शाँ’ हा दुसरा प्रोग्रॅम होता, गळ्याची नक्कल करणारा. इथे एक मेख असते. संगणकाने केलेल्या उपस्वरांना एकत्रित बारीक कंप दिला नाही, तर गळा ऐकू येत नाही, नुसता शिट्ट्यांचा झुबका ऐकू येतो. सगळ्यांना एकच कंप मिळाला की कान त्यांना एका कंठातला आवाज मानतो. घंटेचा मुलगा आणि मुलाची घंटा होते ती अशा कामातून. याला नुसतं ‘कॉम्प्युटरचं संगीत’ म्हणून बाजूला सारणं मला अन्यायाचं वाटतं.

मोबाइलच्या स्पीकरवर ही रचना ऐकू नका. तो इवलासा स्पीकर १३० हर्ट्झ धड वाजवत नाही, म्हणजे षड्जच जातो आणि उरतो तो किणकिणाट. चांगले हेडफोन घ्या. पहिल्यांदा फक्त खालचा गुंजारव धरून बसा, दुसऱ्यांदा मुलाच्या आवाजामागे जा. मूळ रचना आठ चॅनेलची आहे, म्हणजे भोवतालच्या आठ स्पीकरांतून वेगवेगळा ध्वनी येतो. श्रोता घंटेच्या पोटात बसलेला आणि मुलाचा आवाज भोवती उडणारा, अशी कल्पना. स्टीरिओत ते उडणं डावं-उजवं एवढंच उरतं, हे लक्षात ठेवून ऐका.

त्यानंतर ‘भक्ती’ (१९८२). पंधरा वादक आणि चार चॅनेलची, आधीच मुद्रित केलेली टेप, बारा भाग, प्रत्येक भागाच्या शेवटी स्वरलेखनात ऋग्वेदातलं अवतरण. टेपवरचे ध्वनी बरेचसे त्याच वाद्यांच्या आवाजातून घडवलेले, म्हणून वादक कुठे थांबला आणि टेप कुठे सुरू झाली हे कळत नाही. पण टेप कोणासाठी थांबत नाही. संचालक जरा रेंगाळला तर ही जोड उसवते. यात राग शोधायला जाल तर हाती काही लागणार नाही. हार्वेने आपल्याकडून सुरावट उचलली नाही, आणि मला ते फार योग्य वाटतं.

शेवटी ‘स्पीकिंग्ज’ (२००८), मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी, बीबीसी स्कॉटिश सिम्फनीने पहिल्यांदा वाजवलेलं. मोटर न्यूरॉन आजाराने २०१२ मध्ये तो गेला, त्याच्या चार वर्षं आधीचं हे काम. इथे बोलण्याचे आकार, अगदी तान्ह्या बाळाच्या आवाजांपासूनचे, प्रत्यक्ष वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रावर चढवले आहेत. आधी बडबड, मग माणसांचा गलका, आणि तिसऱ्या भागात तीच वाद्यं मंत्र म्हणू लागतात.