दव गोठलं म्हणून बाग उपटू नका

थंडीचा कडाका सुरू झाला की एक निरोप दरवर्षी न चुकता फिरतो. मजकूर थोडक्यात असा: पारा शून्यावर येईपर्यंत निर्धास्त राहा, त्या रात्री झाडांवर प्लास्टिक पांघरा, शेजारी धूर करा, सकाळी पानांवरचा बर्फ पाण्याने धुवून टाका, तरीही पानं गोठलीच तर भाजी विषारी झाली समजा आणि सगळी बाग उपटा. शेवटी पुरवणी: हिरवे टोमॅटो खिडकीत उन्हात पिकवा. यंदा तो मला चार जणांनी पाठवला, आणि त्यातल्या दोघांनी तोवर वाफे रिकामे करूनही टाकले होते.

‘पारा शून्यावर येईपर्यंत काळजी नको.’ हवामानखात्याचं तापमान जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर, पेटीतल्या तापमापकावर मोजतात. मिरचीचं रोप तिथे नसतं, ते खाली असतं. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पानं आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. मी एक तापमापक खिडकीशी टांगतो आणि दुसरा वाफ्यात आडवा टाकतो. परवा पहाटे वरचा ३ अंश दाखवत होता, खालचा उणे १, आणि काकडीचा वेल काळपट होऊन लोळत होता. म्हणून संध्याकाळी आकड्याइतकंच आकाशाकडे बघा. ढग असतील तर ते पांघरुणासारखे काम करतात. चांदण्या लखलखीत असतील आणि पान हलत नसेल तर आकडा ४ असला तरी उठा. गार हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन खोलगटात साचते, त्यामुळे एकाच बागेतला खालचा वाफा आधी जातो.

थंडी वरून ‘पडत’ नाही, ऊब खालून निघून जाते. एवढं ध्यानात आलं की निरोपातल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळतात.

प्लास्टिकचंच घ्या. पातळ पॉलिथिनमधून उष्णतेचे किरण बरेचसे आरपार जातात, म्हणजे आकाशाकडे जाणारी ऊब ते फारशी अडवत नाही. वर ते जिथे पानाला टेकतं तिथे पान हमखास करपतं. जुनी चादर किंवा गोणपाट याहून बरं. लंडनमधले एक डॉक्टर, विल्यम चार्ल्स वेल्स, यांनी याचा छडा लावला होता. गवतात चार काटक्या रोवून त्यांवर सहा इंच उंचीवर एक तलम रुमाल ताणून बांधला आणि रुमालाखालचं गवत उघड्या गवतापेक्षा किती उबदार राहतं ते मोजलं. इतकी पातळ चटई थंडी काय अडवणार, म्हणून झाडांवर चटया घालणाऱ्या बागवानांना आपण अर्धवट ज्ञानाच्या तोऱ्यात हसत होतो, अशी कबुलीही त्यांनी १८१४ साली छापून दिली. असा माणूस आज निरोप पाठवणाऱ्यांत सापडणं कठीण.

तर कापड घ्या, काटक्यांवर ताणा आणि कडा जमिनीपर्यंत सोडा. पुष्कळ जण झाडाचा शेंडा गुंडाळून खोडाशी गाठ मारतात. ऊब मातीतून येते आणि गाठ तिलाच बाहेर ठेवते! दुपारी मातीला पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती वर सोडते. या सगळ्याने दोन-तीन अंश मिळतात, जास्तीची आशा धरू नये. पण मोसमातल्या पहिल्या एक-दोन गार रात्रींनंतर बरेचदा थोडे उबदार दिवस येतात, तेव्हा दोन-तीन अंशही पुरतात. सकाळी ऊन आलं की कापड काढायचं.

धूर. हा सल्ला जुना आहे आणि देणाऱ्यांची कळकळ खरी असते. पण धुराचे कण फार बारीक, बहुतेक एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान. जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या लहरी दहाएक मायक्रॉनच्या. त्यांना हा पडदा जवळजवळ दिसतच नाही. आपले डोळे मात्र चुरचुरतात, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. जे काही मिळतं ते विस्तवाच्या धगीचं, आणि तीही बरीचशी वर निघून जाते. सकाळी धूर रेंगाळला तर कोवळं ऊन अडतं ते वेगळंच.

पानांवर पाणी मारण्याचा सल्ला फळबागांतल्या तुषार सिंचनावरून अर्धवट उचललेला दिसतो. पाणी गोठताना ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता सोडतं, हे खरं. पण तिथे तुषार रात्रभर, बर्फ वितळेपर्यंत अखंड चालू ठेवतात. तेच पाणी वाफ होऊन उडालं तर सातपटीहून जास्त उष्णता ओढून नेतं. एकदा बादलीभर मारून आत जाणं म्हणजे झाडाला आणखी गार करणं.

आता विषाचं. गोठल्यावर विष तयार होतं ही गोष्ट हवेतून आलेली नाही. ज्वारीच्या कोवळ्या चाऱ्यावर दव गोठलं की त्यात सायनाइड मोकळं होतं आणि जनावरं दगावतात. पण ते ज्वारीचं, गाजराचं किंवा पालकाचं नव्हे. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, घेवडा ही मुळात उष्ण हवेतली झाडं. गोठली की पेशींचे पडदे फाटतात आणि ऊन पडताच पानं शिजवल्यासारखी लोंबतात. पालक, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), कोबी, गाजर थंडी वाढू लागताच तयारी करतात. साखर वाढवतात, साखरेचा रस उशिरा गोठतो, आणि बर्फ बहुधा पेशींच्या आत न होता मधल्या फटींत होतो. पहाटे केलचं पान काचेसारखं कडक असतं. तेव्हा हात लावू नका, मोडतं. दुपारी बघा, उभं असतं, आणि चवीला आधीपेक्षा गोड. दिवस दहा तासांहून लहान झाला की वाढ जवळपास थांबते, पण तेव्हा वाफा कोठारासारखा वापरता येतो.

निरोप एका बाबतीत अर्धा बरोबर आहे: काही पिकं खरंच काढावी लागतात. भोपळे थंडीच्या आधी देठासकट आत घ्या, सालीला थंडी लागली तर टिकत नाहीत. रताळ्याचा वेल काळा पडला तर त्याच दिवशी वेल कापा आणि रताळी खणा.

हिरव्या टोमॅटोंना ऊन लागत नाही. १८ ते २१ अंश, खोका, झाकण, बस्स. एक कापून बघा: बिया चिकट गरात सरकल्या तर बाकीचे पिकतील, सुरीने बियाही कापल्या गेल्या तर ते कोवळे आहेत, खोक्यात नुसते सुरकुततील. फ्रिजमध्ये पिकणं थांबतं. थंडीने मेलेल्या वेलावरचे टोमॅटो मात्र बाटलीबंद करू नका, त्यांची आम्लता कमी असू शकते.

उपटण्याऐवजी मेलेलं झाड जमिनीलगत कापा. मुळं आत कुजू द्या, माती उघडी पडत नाही. करपा रोग पडलेली पानं तेवढी कंपोस्टच्या ढिगात नकोत. माझ्या टोमॅटोच्या वाफ्यात काल त्या खुंटांच्या मध्येच लसणाच्या पाकळ्या टोचल्या, टोक वर करून, आणि वर वाळका पाला पसरला. काही आठवडे थंडी मिळाली नाही तर लसणाच्या गड्ड्यात पाकळ्याच नीट सुटत नाहीत.